डांगाणाचं देणं

पावसाळा लागला की नगरच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट छापून येते. भंडारदऱ्यात किती दशलक्ष घनफूट साठा झाला, मुळा धरणात आवक किती आहे, घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी इथे गेल्या चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या भिंगारमध्ये त्या दिवसांत आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि ढग चांदबिबी महालाच्या डोंगरावरून पुढे निघून जातात. तरी चहाच्या टपरीवर ती चौकट वाचली जातेच. घाटघरला जोर धरलाय असं कळलं की ऐकणारा निश्चिंत होतो. पंधरा ऑगस्टच्या आत भंडारदरा भरलं पाहिजे, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे.

घाटघर नेमकं कुठे आहे, तिथे कोण राहतं, एवढा पाऊस अंगावर घेणारी माणसं उन्हाळ्यात पाणी कुठून आणतात, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. हा लेख त्या चौकटीतल्या गावांविषयी आहे आणि त्या गावांचं दार असलेल्या राजूरविषयी.

आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा: १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके. नगर शहरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. वायव्य टोकाच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्याला टेकलेल्या घाटघरला चांगल्या वर्षी पाच हजारांच्या वर पडतो. जिल्हाधिकारी एकच, पालकमंत्री एकच, आणि पावसात मात्र आठ-नऊ पटींचा फरक. अरबी समुद्रावरून आलेले ढग कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड या भिंतीला अडतात, तिथेच रिकामे होतात आणि पुढे पूर्वेकडे उरतो तो पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा. नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत हे सगळे त्या छायेत आहेत. ज्या डोंगरामुळे आपल्याकडे पाऊस कमी पडतो, त्याच डोंगरातून आपल्याकडे नद्या येतात.

विठा घाटाच्या पलीकडे

नगरहून मनमाड रस्त्याने निघालं की विळद, राहुरी करत कोल्हार येतं. तिथे प्रवरेचा पूल आहे. पश्चिमेकडे फुटणारा कोल्हार-घोटी रस्ता लोणी, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी, बारी असा चढत चढत घोटीला मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. जिल्हा समजून घ्यायचा असेल तर हा एक रस्ता पुरेसा आहे. लोणी-प्रवरानगरला दोन्ही बाजूंना ऊस, साखर कारखान्याचं धुराडं, महाविद्यालयांच्या इमारती. संगमनेरला दूध आणि बाजारपेठ. अकोल्यापर्यंत नदीकाठी मळे दिसतात. अकोले सोडून विठा घाट चढायला लागलं की जमीन बदलते. काळी माती मागे राहते, तांबडी आणि मुरमाड सुरू होते. ज्वारी-बाजरीची जागा भात घेतो. बांधावर बाभळीऐवजी ऐन, साग, जांभूळ, आंबा, हिरडा दिसू लागतो. घरांची छपरं उतरती होतात.

घाट संपला की राजूर. नगरपासून सुमारे दीडशे किलोमीटर. या भागाला लोक डांगाण म्हणतात. अकोले तालुक्याची तीन खोरी आहेत: प्रवरेचं, मुळेचं आणि आढळेचं. राजूर प्रवरेच्या खोऱ्यात असलं तरी इथून एक रस्ता शेंडी-भंडारदऱ्याकडे जातो आणि दुसरे शिरपुंजे, आंबित, कुमशेत, पाचनई अशा मुळेच्या उगमाकडच्या गावांकडे. डोंगरातल्या पन्नासएक खेड्यांना आणि त्यांच्या वाड्या-पाड्यांना दवाखाना, बँक, कॉलेज, पोलीस ठाणं, खताचं दुकान, लग्नाचा बस्ता यांसाठी हेच गाव जवळचं.

आठवडे बाजाराच्या दिवशी राजूर पूर्ण रंगात असतं. जीपगाड्या टपापर्यंत भरून उतरतात. बायका डोक्यावरच्या पाटीतून रानभाज्या, करवंदं, शेवाळं, वालाच्या शेंगा, गावठी कोंबड्या आणतात आणि जाताना मीठ, तेल, सुकी मासळी, मुलांच्या वह्या घेऊन जातात. सुकट-बोंबिलाच्या ओळीपाशी गर्दी जास्त. पावसाळ्यात चार महिने घराबाहेर पडणं अवघड होतं तेव्हा सुकी मासळीच कोरड्यास म्हणून ताटात येते. कोयते, विळे, खुरपी यांना पाणी देणारा लोहार आणि घोंगड्या विकणारे यांच्यापाशी आवणीच्या आधी रांग लागते.

राजूरची दुसरी ओळख म्हणजे पेढा. बाजारपेठेतून चालताना आटणाऱ्या दुधाचा वास लांबूनच येतो. मोठ्या कढईत दूध उकळत असतं आणि माणूस उलथनं थांबू देत नाही. थांबलं की तळाला लागतं. दुधाचा रंग पांढऱ्याचा पिवळसर होतो, मग तांबूस. खवा कढईच्या कडा सोडायला लागला की आच कमी करायची, साखर घालायची आणि पुन्हा घोटत राहायचं. भंडारदऱ्याहून परतणाऱ्या प्रत्येक गाडीत या पेढ्याचा पुडा असतो. डोंगरातलं दूध शहरापर्यंत टिकवून पोचवायची ही जुनी, साधी आणि गावाला पैसा देणारी रीत आहे.

नगर जिल्ह्याचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय राजूरला आहे. तालुक्याची जवळजवळ निम्मी लोकसंख्या आदिवासी आहे, मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर. आश्रमशाळा, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, जातीचे दाखले यांची सगळी धावपळ याच कार्यालयाभोवती चालते. शिक्षणाचा पाया त्याही आधी सत्यनिकेतन संस्थेने घातला. तिचं सर्वोदय विद्यामंदिर आणि पुढे उभं राहिलेलं ॲड. मनोहरराव नानासाहेब देशमुख महाविद्यालय यांच्यामुळे डोंगरातल्या मुलामुलींना पदवीसाठी संगमनेर-नाशिक गाठावं लागलं नाही. आज या भागातले अनेक शिक्षक, तलाठी, परिचारिका, पोलीस, वनरक्षक याच शाळा-कॉलेजात शिकले. अनेक वर्षं राज्याचे आदिवासी विकास मंत्री राहिलेले मधुकरराव पिचड हेही राजूरचेच.

धरण उशाला

प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते. खाली रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे आणि तिथून नदी सरळ जलाशयात शिरते. इंग्रज सरकारने या खोऱ्यात धरणाचं काम १९१० मध्ये सुरू केलं. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. म्हणून ते विल्सन डॅम. मागच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. दगड-चुन्यातलं, २७० फूट उंचीचं आणि ११ टीएमसी पाणी साठवणारं हे धरण त्या काळातल्या देशातल्या उंच धरणांपैकी होतं.

धरण बांधलं ते खालच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यासाठी. भंडारदऱ्यातून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत जातं आणि संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावर अडवलं जातं. तिथून प्रवरेचे डावा आणि उजवा कालवा निघतात. या पाण्यावर राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे इथली शेती बागायत झाली. या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि त्या उसावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभारला. १९५० च्या सुमारास सुरू झालेल्या त्या कारखान्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाची आणि अर्थकारणाची घडी बदलली. सहकाराचा इतिहास लिहिताना कारखान्याच्या पहिल्या मोळीपासून सुरुवात केली जाते. त्याची खरी सुरुवात रतनवाडीच्या पावसापासून झाली आहे.

धरण अकोल्यात आणि कालव्यांचं तोंड संगमनेरात. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली की पुढचं सगळं उलगडतं. ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली त्यांच्या तालुक्यात त्या धरणाचा कालवा नव्हता. पुढे भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे धरणाची कल्पना १९७० मध्ये पुढे आली. जागा बदलल्या, पुनर्वसनाचे प्रश्न रेंगाळले, खर्च ५,१७७ कोटी रुपयांपर्यंत गेला. डाव्या कालव्यात चाचणीसाठी पाणी सुटलं ते ३१ मे २०२३ रोजी आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते जलपूजन झालं. नगरमधले सहा तालुके आणि नाशिकमधला सिन्नर मिळून १८२ गावांना या प्रकल्पाचा लाभ ठरलेला आहे. त्या गावांनी पन्नास वर्षं वाट पाहिली आणि त्यांचा आनंद रास्त आहे. या धरणातून अकोल्यासाठी उच्चस्तरीय कालवे निघाले, तेही स्थानिकांनी लावून धरल्यावर.

मुळेची कथा वेगळी नाही. ती हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात उगवते, कोतूळवरून खाली येते आणि राहुरीजवळ बारागाव नांदूरला २६ टीएमसीच्या धरणात थांबते. नगर शहराची आणि परिसराची तहान याच धरणावर भागते. म्हणजे आपल्या नळाला येणारं पाणी पाचनई-आंबितच्या बाजूला पडलेला पाऊस आहे. नेवाशाजवळ मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा टोक्याला गोदावरीला मिळते आणि ते पाणी पैठणच्या जायकवाडीत जातं. म्हणूनच पावसाने ओढ दिलेल्या वर्षी जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर भंडारदरा, निळवंडे, मुळा यांतून पाणी सोडावं लागतं आणि नगर-मराठवाडा असा वाद पेटतो. २०२३ मध्येही तो पेटला. दोन्हीकडे मोर्चे निघतात, न्यायालयात याचिका जातात. पाणी मुळात जिथे पडलं त्या गावांचं म्हणणं मात्र त्या वादात कुठेच ऐकू येत नाही.

विजेचंही तसंच. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून चालू आहे. मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वरच्या तलावात चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी बोगद्यातून सह्याद्रीचा कडा उतरून शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याकडे सोडायचं, अशी त्याची रचना आहे. त्यासाठी बांधलेली धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, देशात या पद्धतीची पहिलीच. राज्याची संध्याकाळ उजळण्यात घाटघरचा वाटा आहे.

आणि एवढं असूनही या पट्ट्यातल्या अनेक वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन दरी उतरतात. धो धो पाऊस पडतो तो उतारावरून वाहून जातो. खाली काळा कातळ, वर पातळ मातीचा थर, त्यामुळे मुरणारं पाणी थोडं. विहिरी फाल्गुनातच तळ गाठतात. जलाशय दिसतो, पण तो शे-दोनशे फूट खाली. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण इथे रोजच्या बोलण्यातली आहे.

खाचर, राब आणि बियाणं

डांगाणातला शेतकरी वर्षभर ज्याची तयारी करतो ते काम म्हणजे आवणी. सुरुवात उन्हाळ्यातच होते. रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या, गवत आणि वरून माती असे थर देऊन ते पेटवतात. याला राब भाजणं म्हणतात. तणाचं बी जळतं, राखेचं खत मिळतं. पहिल्या पावसाबरोबर त्यात भात पेरायचं. तीन-चार आठवड्यांत रोप वीतभर झालं की खाचरात पाणी साठवून बैलांनी चिखलणी करायची, रोप उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलात लावत मागे सरकायचं. पाऊस वरून कोसळत असतो. पूर्वी पाठीवर पानांचं इरलं असे, आता प्लॅस्टिकचा कागद असतो. कंबर वाकलेली, पाय पोटरीपर्यंत गाळात आणि दिवसभर हेच. मजूर लावायची ऐपत कमी, म्हणून सावड चालते: आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. सावडीचा हिशेब कुणी कागदावर लिहीत नाही आणि तो चुकवतही नाही.

उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, खुरासणी. गणपतीनंतर खुरासणी फुलली की डोंगराचे उतार पिवळे होतात. भातात काळभात, रायभोग, आंबेमोहोर, जिरवेल अशा जुन्या जाती. काळभात शिजला की वास चार घरं सोडून जातो. उत्पन्न कमी म्हणून संकरित बियाण्याने या जातींना मागे रेटलं. दर वर्षी दुकानातून बी आणायचं, त्यासाठी खत, त्यासाठी फवारणी, असा खर्च वाढत गेला.

ती वाट अकोले तालुक्यातल्याच एका बाईने अडवली. कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात मडक्या-डब्यांत, राख लावून, जुनं बी जपायला सुरुवात केली. वाल, भात, नागली, भाजीपाला, डाळी. बायफ संस्थेची साथ मिळाली आणि घराची बियाणं बँक झाली. त्या बी देतात ते परतीच्या बोलीवर: एक वाटी न्या, पीक आलं की दोन वाट्या परत करा. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर प्रभावी स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी दिलेलं 'बीजमाता' हे नाव आता सर्वांच्या तोंडी आहे. त्यांच्या कामाचं महत्त्व पुरस्कारापेक्षा मोठं आहे. पाच हजार मिलिमीटर पावसात तग धरणारं, रोगाला दाद न देणारं बी प्रयोगशाळेत तयार करायला वर्षं जातात. इथे ते शेकडो वर्षांच्या निवडीतून तयार झालेलं आहे. हवामानाचा भरवसा संपत चाललेला असताना ते जपणं हे साऱ्या राज्याचं काम आहे.

तीच गोष्ट डांगी गाय-बैलांची. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, काळे टणक खूर आणि तेलकट कातडी. त्या तेलकटपणामुळे पाणी अंगावर ठरत नाही आणि चार महिन्यांच्या झडीत जनावर आजारी पडत नाही. जाणकार रंगावरून पारा, बहाळा, मनेरा अशी नावं घेतात. राजूरला भरणारं डांगी जनावरांचं प्रदर्शन हा या भागाचा मोठा सोहळा आहे. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल घातलेले वळू रांगेत उभे असतात. परीक्षक दात पाहतात, खूर पाहतात, वशिंडावर हात ठेवतात, कातडी चिमटीत धरून पाहतात. नाशिक, ठाणे, पुणे इथले शेतकरी खरेदीला येतात. ट्रॅक्टर न जाणाऱ्या चिंचोळ्या खाचरांत चिखलणी करायला हाच बैल लागतो. प्रदर्शनात पहिल्या आलेल्या वळूचा मालक त्या दिवशी गावातला सर्वांत मानाचा माणूस असतो.

जंगल कुणाचं

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि डोंगरातल्या कोळ्यांकडचे किल्ल्यांच्या राखणीचे हक्क, वतनं, मानपान एकेक करून गेले. सावकारी वाढली. जमिनी गहाण पडल्या. देवगावचे राघोजी भांगरे या अन्यायाविरुद्ध उठले. १८४४ पासून त्यांनी अकोले, जुन्नर, घाटाखालचं कोकण इथे सावकार आणि इंग्रज सरकार या दोघांनाही सळो की पळो करून सोडलं. कर्जाचे कागद नष्ट करणं हा त्यांच्या बंडाचा मुख्य भाग होता, कारण जमीन जात होती ती कागदावरूनच. २ जानेवारी १८४८ रोजी ते पंढरपूरला पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. १८५७ च्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट आहे. शाळेच्या पुस्तकांत तिला मिळालेली जागा फार थोडी आहे.

कागदाचा तो प्रश्न अजून संपलेला नाही. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. शेकरू, बिबट्या, भेकर, गरुड, कारवीचे ताटवे यांना संरक्षण मिळालं, ते हवंच होतं. पण अभयारण्याच्या हद्दीत गावं आहेत, पिढीजात खाचरं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला हक्क मान्य केला, तरी प्रत्यक्ष दावे मंजूर होणं, मोजणी होणं, सातबाऱ्यावर नाव लागणं हे वर्षानुवर्षं चालतं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात वनपट्ट्यांची मागणी सर्वांत पुढे होती. त्या रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रं राज्याने पाहिली.

जंगलातून मिळणारं मोठं रोख उत्पन्न म्हणजे हिरडा. कोय धरण्याआधीचं कोवळं फळ म्हणजे बाळहिरडा. उन्हाळ्यात घरातली सगळी माणसं झाडाखाली असतात. एक जण वर चढून काठीने फांद्या झोडतो, खाली बायका-मुलं वेचतात. मग अंगणात, कातळावर वाळत घालायचा. हिरवी फळं दोन-चार दिवसांत सुरकुततात आणि वाळून काळी, खडखडीत होतात. मध्येच वळीव आला तर माल भिजून बुरसतो आणि भाव पडतो. औषधी कंपन्यांना तो लागतो, परदेशीही जातो. आदिवासी विकास महामंडळाने हमीभावाने खरेदी केली तर चार पैसे हातात पडतात. खरेदी उशिरा सुरू झाली किंवा झालीच नाही तर व्यापारी सांगेल तो भाव. आवणीच्या बी-खताचा खर्च बहुतेक घरांत याच पैशातून होतो. म्हणून खरेदी केंद्र कधी उघडतं याला इथे पावसाच्या तारखेइतकंच महत्त्व आहे.

भात निघाला की हाताला काम उरत नाही. मग माणसं गाठोडं बांधून नारायणगाव, ओतूर, आळेफाट्याकडे निघतात. सकाळी मजूर-अड्ड्यावर उभं राहायचं, टोमॅटो-कांद्याच्या मळ्यात काम करायचं आणि पाऊस जवळ आला की परत यायचं. बागायतीला डोंगराचं पाणी जातं आणि त्याच पाण्यामागोमाग डोंगरातली माणसंही खाली मजुरीला जातात. मुलांची शाळा या जाण्या-येण्यात तुटते. आश्रमशाळेची आणि वसतिगृहाची गरज इथे का आहे, ते यावरून कळावं.

काजव्यांची गर्दी

गेल्या काही वर्षांत पर्यटन हा नवा आधार झाला आहे. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई हे राज्यातलं सर्वोच्च शिखर, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, साम्रदची सांदण दरी, रंधा धबधबा, धरणातून पाणी सुटल्यावर दिसणारा अंब्रेला फॉल. बारी, रतनवाडी, साम्रद, पाचनई इथे तरुण वाटाडे झाले, घरोघरी पाहुण्यांची सोय झाली. पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात असं जेवण देऊन बायकांच्या हातात स्वतःचे पैसे येऊ लागले. ही कमाई घरात राहते आणि तिच्यामुळे काही घरांचं स्थलांतर थांबलं आहे.

मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस येण्याआधीच्या दमट रात्रींत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर काजवे जमतात. एका झाडावरचे हजारो काजवे एकाच लयीत लुकलुकतात, मग ती लय शेजारच्या झाडाकडे सरकते. नर आणि मादी एकमेकांना शोधतात ते या प्रकाशाच्या खुणांनी. मादी अंडी घालते मातीत आणि पाल्यात. हे पाहायला शनिवार-रविवारी रात्री गाड्यांच्या रांगा लागतात. हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, फ्लॅश यांच्या उजेडात काजव्यांची खूण हरवते आणि झाडाखाली पायदळी अंडी तुडवली जातात. वनविभाग आणि ग्रामस्थ वेळेचं आणि प्रवेशाचं बंधन घालतात, त्याला साथ पाहुण्यांनी द्यायची आहे. गाडी लांब लावा, दिवे बंद ठेवा, वाटेवरून उतरू नका आणि स्थानिक वाटाड्या घ्या. गर्दीचे दोन आठवडे टाळून पुढच्या कुठल्याही आठवड्यात गेलात तर गावाला वर्षभर काम मिळेल.

हिशेब

राजूर आणि त्याच्या वरच्या डोंगराने या जिल्ह्याला काय दिलं, ते एकदा ओळीने मांडायला हवं. पाणी दिलं, त्यातून ऊस, कारखाने, शिक्षणसंस्था आणि शहरांचे नळ उभे राहिले. वीज दिली. बाजारात न मिळणारं बियाणं जपून ठेवलं. हिरडा दिला, बैल दिले, मळ्यांत राबणारे हात दिले. स्वातंत्र्यासाठी फासावर गेलेला माणूस दिला. बदल्यात मिळालेल्या गोष्टीही आहेत: रस्ते, शाळा, दवाखाने, प्रकल्प कार्यालय. पण दोन्ही बाजू सारख्या झालेल्या नाहीत.

त्या सारख्या करायला अशक्य असं काही करावं लागत नाही. धरणांच्या वरच्या वाड्यांना जलाशयातूनच उपसा करून बारमाही नळयोजना द्यावी आणि तिचं वीजबिल खालच्या लाभक्षेत्राने उचलावं. उतारांवर पाणी मुरवण्याची कामं रोजगार हमीतून दर उन्हाळ्यात व्हावीत, म्हणजे नारायणगावची वाट धरायची वेळ येणार नाही. हिरड्याची खरेदी हंगाम सुरू होण्याआधी जाहीर व्हावी. वनहक्काचे प्रलंबित दावे मुदत ठरवून निकाली काढावेत. डांगी जनावरं आणि काळभात यांच्या जतनाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि जिल्हा परिषदेने कायमचा निधी द्यावा. आणि आपण, नगरच्या, भिंगारच्या, श्रीरामपूरच्या घरांनी, तांदूळ घेताना वर्षातून एकदा तरी डांगाणातला काळभात मागावा. मागणी असेल तर तो पिकेल.

पाणीपट्टीतला ठरावीक वाटा उगमाकडच्या गावांसाठी राखून ठेवा, ही मागणी नगर महापालिकेच्या सभेत, प्रवरा आणि मुळेच्या लाभक्षेत्रातल्या ग्रामसभांत आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांत उठली पाहिजे. अकोल्याच्या माणसाने ती मागायची वाट पाहू नये. पाणी आपण पितो, म्हणून ती मागणीही आपणच करायची आहे.